एकोणतिसाव्या वहीतली सही

सोमवार, ४ ऑगस्ट

कामाबद्दलचं खासगी काही ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवायचं नाही, असं माझ्या करारात आहे. म्हणून ही कागदाची वही.

आमच्या कार्यालयाच्या प्रमुखांनी, धनराज सरांनी, आज केबिनचं दार लावून घेतलं आणि आकडा सांगितला. बारा टक्के. सन्मान साहाय्य योजनेच्या जिल्ह्यातल्या यादीतून सप्टेंबरअखेर बारा टक्के नावं कमी व्हायला हवीत. योजना केंद्राची. विधवा, परित्यक्ता आणि निराधार बायकांना दरमहा ठरावीक रक्कम. निवडणुकीआधी आलेले सगळे अर्ज सरसकट घेतले गेले. आता रक्कम वाढवायचं दिल्लीत ठरलं आहे, तरतूद मात्र होती तेवढीच आहे.

"म्हणजे वाढ द्यायची तर बायका कमी," मी म्हटलं.

"असं बोलायचं नसतं, अपूर्वा. आपण म्हणायचं, पडताळणी."

"पडताळणी अजून व्हायची आहे. बारा टक्के अपात्र निघणार हे आधीच कसं कळलं?"

ते हसले. "शाळेत उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेलं असायचं ना? तसं समज. तू फक्त मधल्या पायऱ्या मांड."

मी यादी तपासणाऱ्या संगणकासाठी नियम लिहिते. कुठली नोंद कुठल्या नोंदीशी ताडायची आणि जुळली नाही तर काय करायचं, एवढंच. नियम बरोबर असला की निकालाबद्दल आपल्याला काही वाटायचं कारण उरत नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

मोठी अडचण मृत्यूच्या दाखल्यांची. दिंडोरी आणि पेठ या दोन तालुक्यांत एक हजार नऊशे विधवांच्या फाइलीत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखलाच नाही. त्यातले बरेच अर्ज सोमनाथने भरून घेतलेले. सोमनाथ पंचवटीतला पक्षाचा कार्यकर्ता. त्याला बोलावून घेतलं.

"ताई, तेव्हा वरून निरोप होता, दाखला नसला तर सरपंचाचं पत्र घे, सरपंच रुसला असंल तर गुरुजींची चिठ्ठी घे, पण बाईला परत पाठवू नको. आता वरून निरोप हे, दाखला दाखवा."

"वर माणसं बदलली का?"

"माणसं तीच. निवडणूक झाली ना आता." त्याने सरांच्या टेबलावरची बडीशेप घेतली आणि गेला.

हे सगळे अर्ज नाकारले तर बारा टक्क्यांचा निम्मा प्रश्न आजच सुटतो, असं सर म्हणाले. मी दुसरा उपाय सुचवला. आमच्या घरच्या वह्या.

बाबा रामकुंडावर तीर्थपुरोहित आहेत. दिंडोरी-पेठेकडच्या शंभरावर गावांची नामावळी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. एकूण एक्केचाळीस वह्या. त्या गावांचं कुणी अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला आलं की गाव सांगायचं, बाबा वही काढणार, आणि आलेला माणूस स्वतःच्या हाताने लिहिणार: कोण वारलं, कधी वारलं, सोबत कोण आलं. खाली सही. वाळवी आणि पुराच्या भीतीने मी तीन वर्षं रविवारी रविवारी बसून सगळी पानं स्कॅन केली आणि नोंदी टाइप केल्या. दाखला नसला तरी मृत्यूची नोंद इथे आहे.

सर म्हणाले, "कर. पेपरवाल्यांना आवडेल."

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"घाटावरची वही कचेरीत कशाला, अपू?"

"बायकांचे पैसे वाचतील, बाबा."

"वाचतील ना नक्की?" थोड्या वेळाने म्हणाले, "एकोणतिसावी सोडून दे. तिला वाळवी लागली आहे."

एकोणतिसावी वही सगळ्यांत चांगल्या स्थितीत आहे. बाबांची स्मरणशक्ती कमी होते आहे का, ते पाहायला हवं.

रविवार, १० ऑगस्ट

बाबांचा डबा घेऊन घाटावर गेले. कुंभमेळ्याच्या कामांसाठी खोदकाम चालू आहे, म्हणून त्यांची बसायची जागा चार हात मागे सरकली आहे. कुसामावशींचं फडकंही सोबत सरकलं आहे.

कुसामावशी करंजटेकच्या, दिंडोरीजवळच्या. बाबांच्या शेजारी बसून दर्भ, काळे तीळ आणि पत्रावळी विकतात. नऊ वर्षं झाली. नवरा खंडेराव २००४ साली कामाला जातो म्हणून घरातून गेला तो आला नाही. बारा वर्षं वाट पाहून त्यांनी बाबांकडून पालाशविधी करून घेतला. बेपत्ता माणसाचा ठाव लागत नसला की पळसाच्या देठांचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात आणि पुढे दहावं-तेरावं रीतसर करतात. विधी झाल्यावर त्या गावी परत गेल्याच नाहीत. माझी आई आदल्याच वर्षी गेली होती आणि मी पुण्याला शिकायला जाणार होते. मावशी दुपारी दोन भाकरी जास्त थापून बाबांना देऊ लागल्या. ती व्यवस्था सोयीची होती. तशीच चालू राहिली.

"अपूताई, वाळली गं तू. कंपूटर खातो का तुला?"

"मावशी, खोली कशी आहे?"

त्यांनी गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला बांधलेली चावी पदरातून वर काढून दाखवली. योजनेचे पैसे सुरू झाल्यावर त्यांनी काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीत खोली घेतली. त्याआधी त्या धर्मशाळेच्या ओट्यावर निजायच्या. "आतून कडी लावते नि बसते. काय करत नाय, नुसती बसते. साठ वरसाची झाले, पैल्यांदा कडी माझ्या हातानं लावली."

चहावाला बाबांना कटिंग देऊन गेला. बाबांनी अर्धा मावशींच्या कपात ओतला. अख्खा एक जास्तीचा सांगणं सोपं पडेल, असं मी मागे सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.

गुरुवार, २१ ऑगस्ट

नियम चालवला. दोनशे बारा विधवांच्या नवऱ्यांच्या मृत्यूच्या नोंदी आमच्या वह्यांत मिळाल्या. दोनशे बारा बायका यादीत राहिल्या. मला समाधान वाटलं. ते इथे नोंदवायला हरकत नाही.

नंतर नेहमीच्या पद्धतीने उलटी चाचणी घेतली. म्हणजे, नोंदलेल्या मृत्यूच्या तारखेनंतर त्याच माणसाची स्वतःची सही कुठे आढळते का. अशी चाचणी घेतली नाही तर नियम अर्धवट राहतो. निकाल शून्य येईल असं धरून चालले होते.

तीन आले. दोन माझ्या टाइपिंगच्या चुका, त्या दुरुस्त केल्या. तिसरी नोंद अशी:

वही २९, पान ८८. २०१६. मौजे करंजटेक. खंडेराव दगडू पिंगळ, पालाशविधी. करविणार पत्नी कुसाबाई. अंगठा.

वही २९, पान १३१. २०१९. मौजे करंजटेक. मातोश्रींचं वर्षश्राद्ध. सोबत कुटुंब व दोन मुलं. सही: खंडेराव दगडू पिंगळ.

मूळ पान काढून पाहिलं. टाइपिंग बरोबर आहे. तारीख बाबांच्या अक्षरात आहे.

निकाल तयार होताच आपोआप यादीत जातो आणि नाव कमी होतं, मधे कुणी अडवत नाही. तशी सोय मीच केली होती, कुणाला मधे हात घालता येऊ नये म्हणून.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

बाबांसमोर दोन्ही पानांचे प्रिंट ठेवले. त्यांनी हात लावला नाही.

"मी सांगितलं होतं, एकोणतिसावी सोड म्हणून."

"तुम्ही वाळवी म्हणालात."

"तो वर पायऱ्यांवर उभा होता," बाबा म्हणाले. "पँट-शर्ट, केसांना रंग लावलेला. गाव करंजटेक म्हणाला, आजोबांचं नाव सांगितलं, आणि माझ्या लक्षात आलं. आई गेल्याचं त्याला कुणाकडून उशिरा कळलं होतं. गावात पाय ठेवायची हिंमत नाही, पण आईला पिंड द्यायचा, म्हणून गुपचूप इथे आला. करंजटेकचा माणूस या घाटावर माझ्याशिवाय जाणार कुणाकडे?"

"मावशी?"

"तिला आधीच रविवार कारंजाच्या बाजारात धाडलं, तीळ संपले म्हणून. पोतं भरलेलं होतं. ती येईपर्यंत मी उरकलं."

मी विचारलं, विधी झालेला माणूस जिवंत परत आला तर शास्त्रात काय सांगितलं आहे.

"त्याला नव्याने जन्म द्यायचा. जातकर्मापासून सगळे संस्कार. आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न. त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आईचं श्राद्ध मात्र यथासांग केलं. सही करू नकोस म्हणायला हवं होतं. पण आलेल्या माणसाला सही नाकारलेली नाही कधी, माझ्या आजोबांपासून."

मग म्हणाले, "तिला कळू देऊ नकोस."

सोमवार, २५ ऑगस्ट

दुपारी बाबा ऑफिसात आले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, हातात कागद. पंचवटीहून द्वारका चौकापर्यंत रिक्षाने आणि तिथून नाशिक रोडला बसने. त्यांना मी या इमारतीत कधी पाहिलं नव्हतं. शिपायाने त्यांना अर्जदारांच्या रांगेत बसवलं होतं.

कागदावर लिहिलं होतं: २०१९ची सही करणारा इसम मूळ खंडेराव नसून त्याच नावाचा चुलतभाऊ आहे, हे मी तीर्थपुरोहित या नात्याने लिहून देतो. खाली बाबांची सही, गंगाधर.

"बाबा, दोन्हीकडे वडील तेच, आजोबा तेच. शिवाय मातोश्रींचं नावही खंडेरावांच्याच आईचं आहे. हे खोटं विधान होईल."

"होऊ दे."

"तुमची एक नोंद तुम्हीच खोटी म्हणालात तर बाकीच्या दोनशे अकरांवर कोण विश्वास ठेवेल? सर आजच सगळ्या बाद करतील. त्यांना तेच हवं आहे."

ते खिडकीबाहेर पाहत होते. समोर चहाची टपरी आहे, तेवढीच.

"बरोबर आहे तुझं," म्हणाले. कागदाची चौकोनी घडी घालून अंगातल्या कोपरीच्या खिशात ठेवली. मी त्यांना रिक्षात बसवून दिलं.

माझं बरोबर होतं. संध्याकाळी मांडणी पुन्हा तपासली. दोनशे अकरा विरुद्ध एक.

शनिवार, ३० ऑगस्ट

मार्ग सापडला. नवरा जिवंत असला आणि त्याने सोडून दिलं असलं तर बाई परित्यक्ता या वर्गात बसते. रक्कम तेवढीच. अर्जातला एक रकाना बदलायचा आणि एका निवेदनावर अंगठा: 'माझ्या पतीने मला सोडून दिले आहे.' छापील फॉर्म घेऊन मावशींच्या खोलीवर गेले. बाबांनी कळू देऊ नको म्हटलं होतं, पण सांगितल्याशिवाय अंगठा घेणं योग्य नाही. मी शक्य तितक्या कमी शब्दांत सांगितलं.

त्या शेंगा निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"मला ठाव हे," म्हणाल्या.

"काय?"

"तो आला व्हता ते. गुरुजींनी मला तिळाला धाडलं. पोतं तर तोंडापोत भरेल व्हतं. म्हटलं, काही तरी हे. गाडगे महाराजांच्या पुलावरून वळून पायलं. पायऱ्यांवर उभा, संगं बाई नि दोन लेकरं. मग गेले कारंजावर. भाव इचारत बसले तासभर." त्या हसल्या. "गुरुजींला वाटतं मला काय ठाव नाय. सांगू नको बरं. त्यांनी एवढं केलं माझ्यासाठी, ते वाया जाईल."

मी फॉर्म पुढे केला. वाचून दाखवला.

"नाय," त्या म्हणाल्या.

"मावशी, हा फक्त एक रकाना आहे."

"त्यानं सोडलं असं मी लिहून देऊ? बारा वरसं लोकांनी टाकलेली म्हणून हाक मारली, दिरानं टाकलेली म्हणून राबवली. मग मी त्याला जाळला. माझ्या हातानं देठं निवडली पळसाची, तीनशे साठ मोजून. मी त्याला सोडला, ताई. आता परत मलाच सोडली म्हणून अंगठा उठवू?"

"पैसे थांबतील."

"आणि गुरुजींचं? जित्या माणसाचा विधी केला असं व्हईल त्यांच्या नावावर. चार माणसं त्यांच्या वहीला हात लावणार नाय." त्यांनी टरफलं सुपात लोटली. "ठेव तो कागद तुझ्याकडं."

हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या सुटलेला आहे. तो का सुटत नाही, हे मला नीट मांडता येत नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

बारा पूर्णांक चार टक्के नावं कमी झाली. मंत्रीसाहेबांच्या कार्यक्रमासाठी सरांना 'एक बोलकं उदाहरण' हवं होतं. अहवालाच्या जोडपत्रात ते होतंच. त्यातलं मावशींचं नाव मी गाळलं होतं. गावाचा रकाना सक्तीचा आहे, रिकामा सोडला तर फाइल पुढे जात नाही. म्हणून करंजटेक तसंच राहिलं.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री. पितृपक्षातला शेवटचा दिवस, घाटावर पाय ठेवायला जागा नाही. सकाळी सहापासून बाबांना मदतीला बसले. मावशींचे ऑगस्टचे पैसे आलेले नाहीत. खोलीचं भाडं द्यायला त्यांनी पंधरवडाभर दुप्पट माल आणून विकला. बाबा तर्पण सांगत होते आणि न बघता हात मागे करत होते. मावशी न विचारता तीळ देत होत्या. दुपारपर्यंत एकदाही चुकलं नाही.

एका यजमानाने विचारलं, "गुरुजी, या घरच्याच का?"

बाबा पुढचा मंत्र म्हणू लागले. मावशींनी तोंडाला पदर लावला. बहुधा धूर लागला असावा.

बुधवार, २४ सप्टेंबर

पितृपक्षात मंत्रीसाहेब कार्यक्रम घेत नाहीत, म्हणून आज, नवरात्रात. मैदानावर मांडव, स्त्रीशक्तीचा जागर असा फलक, नऊ रंगांचे फुगे. बस भरून बायका आणल्या होत्या. वाढीव रकमेची घोषणा झाली, टाळ्या झाल्या.

मग साहेब म्हणाले, "पण माझ्या बहिणींनो, काही हुशारही आहेत बरं का! दिंडोरीतलं करंजटेक. बाईनं कागद दिला, नवरा मेला. पैसे चालू. आणि आमच्या पोरांनी शोधून काढलं, नवऱ्यानं मेल्यावर तीन वर्षांनी रामकुंडावर येऊन आईचं श्राद्ध घातलं. वर सही! मेलेला माणूस पिंड द्यायला येतो, असा आपला जिल्हा!"

मांडव हसला. धनराज सरांनी मागे वळून मला अंगठा दाखवला.

बाहेर पडताना बसपाशी मावशी दिसल्या. सोमनाथने जुन्या यादीवरून बोलावलं होतं. हातात खाऊचं पाकीट आणि छापील पिशवी. त्यांनी ऐकलं नसेल अशी शक्यता मी धरली होती. मांडव मोठा होता.

"लय हसले समदे," त्या म्हणाल्या. "मी पण हसले. नाय हसले असते तर बाजूच्या बाईनं पायलं असतं माझ्याकडं."

पाकिटातला लाडू त्यांनी मला दिला. तो मी खाल्ला. नको म्हणायला हवं होतं का, ठरवता आलं नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

मावशींचा धाकटा दीर सावळीराम पिकअप घेऊन घाटावर आला. भाषणाचा व्हिडिओ गावात सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. शिवाय घेतलेली रक्कम परत करण्याची नोटीस अर्जावरच्या पत्त्यावर, म्हणजे त्याच्याच घरी गेली.

तो ओरडला नाही. बाबांच्या पायाला हात लावला. "गुरुजी, भाऊ जिता हाय म्हणल्यावर वयनी आमच्या घरची. सरकारचं आम्ही भरलं. आता द्राक्षाच्या छाटण्या चालू व्हतील, घरात बाईमाणूस लागतं." मग मावशींकडे वळून, "चला वयनी. शोभा लय झाली."

बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं काहीतरी बोलतील. मावशी घाईने बोलल्या.

"जाते मी, गुरुजी. गावाकडं हवा बरी असती."

त्यांनी फडकं झटकून घडी केलं. तिळाचं पितळी मापटं बाबांच्या पाटाशी ठेवलं. "राहू द्या. पुढल्या पक्षाला लागंल." गळ्यातून चावी काढताना दोरा केसांत अडकला. मी सोडवून दिला. चावी माझ्या हातावर ठेवून त्यांनी माझी मूठ मिटली. "घरमालकिणीला दे. खोली सारवेल हे म्हणावं."

बाबा म्हणाले, "छत्री घेऊन जा."

पाऊस नव्हता. ऊनही नव्हतं. मावशींनी छत्री घेतली.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बाबा आठवडाभर घाटावर गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. आज गेले. मी डबा घेऊन गेले तेव्हा त्यांच्या शेजारची फरशी मोकळी होती आणि फरशीवर पितळी मापटं होतं. कटिंगमधला अर्धा चहा त्यांनी तसाच ठेवला, मुलगा येऊन ग्लास घेऊन गेला. साखर कमी करायला डॉक्टरांनी सांगितलं असेल. विचारायला हवं.

दिवसभरात त्यांनी दोनदा हात मागे केला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

दिल्लीहून पत्र आलं. नाशिकची पद्धत इतर राज्यांत वापरायची आहे, काशी आणि गयेच्या पुरोहितांच्या वह्यांपासून सुरुवात. 'उलट पडताळणी' हा भाग विशेष उपयुक्त ठरल्याचं लिहिलं आहे. सरांनी पेढे वाटले. माझा करार दोन वर्षांनी वाढला.

मी विचारलं, स्कॅन केलेल्या वह्या परत काढून घेता येतील का.

"आता त्या तुझ्या कुठे राहिल्या?" सर म्हणाले. ते चेष्टेने म्हणाले नाहीत, हे महत्त्वाचं. त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता.

शनिवार, ८ नोव्हेंबर

परित्यक्तेचा फॉर्म घेऊन करंजटेकला गेले. बाबांना दिंडोरीला काम आहे असं सांगितलं होतं. त्यांनी निघताना तिळाची पुडी दिली, अर्धा किलो असेल. "हिवाळ्यात लागतील कुणाला," म्हणाले. कुणाला ते सांगितलं नाही.

पिंगळांचं घर मळ्यात, वर पत्रे. अंगणात एक बाई फवारणीच्या औषधाचे ड्रम धूत होती. मी तिला कुसाबाई आहेत का, असं विचारलं.

तिने वर पाहिलं. ओळखायला मला वेळ लागला. कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. हातात हिरव्या बांगड्या. गळ्यात चावीच्या जागी मंगळसूत्र.

"ओळखलं नाय ना?" मावशी म्हणाल्या. "मी पण आरशात बघत नाय."

"कुणी..."

"जाऊबाईंनी. दादला जिता हे, मोकळं कपाळ बरं दिसतं का, गावाला काय सांगायचं." त्यांनी ओला हात पदराला पुसला. "तो कुठं हे, कुणी गेलंय का बघाया? कुणी नाय. त्याला जिता व्हायला यावं नाय लागलं."

मी फॉर्म काढला. त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं. सावळीराम दारातच उभा होता. फॉर्म मी परत पिशवीत ठेवला आणि तिळाची पुडी दिली.

त्यांनी पुडी उघडली नाही. नाकाशी धरली.

"रविवार कारंजाचे," म्हणाल्या. मग विचारलं, "गुडघे कसे हायेत त्यांचे?"

"दुखतात."

"खोबरेल कोमट करून लाव म्हणावं. तुला नाय जमायचं, तू लय जोरात चोळशील." मला जवळ ओढलं, आवाज खाली आणला. "हे सांगू नको त्यांना." हात कपाळाकडे गेला, पण कुंकवाला लागला नाही. "बाकी काय पण सांग."

रात्रीच्या जेवणाला बाबांनी भात चिवडत विचारलं, "दिंडोरीचं काम झालं?"

"झालं."

"भेटलं कुणी?"

"भेटल्या. बऱ्या आहेत. तेल कोमट करून लावायला सांगितलंय."

मी ताटं उचलायला उठले तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "कपाळ?"

माझ्याकडे दोन्ही बाजूंची माहिती पूर्ण होती. तारीख, वेळ, ठिकाण. मी स्वतः पाहिलं होतं.

"मोकळंच आहे," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. पानातला उरलेला भात संपवला, पाणी प्यायले, आणि पुष्कळ दिवसांनी स्वतःचं ताट स्वतः उचललं.

हे विधान खोटं आहे. ताडून पाहायला ते जाणार नाहीत.